थंडीत गोठा चारी बाजूंनी झाकला तरी रेडकू खोकतंय, म्हशीचं फॅट उतरलंय

वैरणकाडी_करवीर

नमस्कार मंडळी. गोठा कोल्हापूरच्या करवीर तालुक्यात, रानातच आहे. दोन मुऱ्हा म्हशी, एक एचएफ (होल्स्टिन) गाय, वीस दिवसांचं रेडकू, सहा शेळ्या आणि पंधरा-वीस गावरान कोंबड्या. गोठा २० बाय २५ फूट, वर पत्रा, तीन बाजूंना चार फुटांची भिंत आणि भिंतीच्या वर मोकळं. तोंड उगवतीला.

गारठा वाढल्यापासून तिन्ही बाजूंनी पत्र्यापर्यंत ताडपत्री आवळली आहे, रात्री पुढचा पडदाही सोडतो. तरी रेडकू पहाटे खोकतंय. नाकाला पाणी आहे, पण पितंय व्यवस्थित. आत गेलं की डोळे चुरचुरतात.

दुसरं असं, व्यालेली म्हैस दोन्ही वेळचं मिळून ८ लिटर देते. फॅट ७.२ होतं ते ६.१ वर आलंय. ऊसतोड सुरू झाल्यामुळं वाडे (उसाचे हिरवे शेंडे) भरपूर, सध्या सगळी वैरण वाड्याचीच, बारीक कुट्टी करून. सोबत थोडं भाताचं पिंजर (पेंढा). गोळी पेंड रोज ५ किलो, दोन वेळेला.

शेळ्या ठीक आहेत, मात्र कोंबड्यांची अंडी निम्म्यावर आली. रात्री गोठ्यात शेकोटी ठेवावी का, असंही घरात चाललंय. जाणकारांनी सांगावं.


पन्हाळा_पायथा

भावा, पहिल्यांदा ताडपत्री सोड. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं तापमान साधारण १४-१५ अंश असतं, थंडीची लाट आली तर ११-१२. एवढ्या गारठ्यानं कोरड्या जागेवरचं जनावर आजारी पडत नाही. आजारी पडतं ते ओल्यानं आणि कोंडलेल्या हवेनं. तुमच्या गोठ्यात सध्या दोन्ही आहेत.

तपासायचं कसं? सकाळी सहाला, पडदा उघडायच्या आधी आत जा. पत्र्याच्या आतल्या बाजूला हात फिरवा. हात ओला झाला किंवा नटबोल्टाच्या जागी थेंब लोंबत असले, तर रात्रभराची वाफ बाहेर गेलेली नाही. एक मोठं जनावर श्वासावाटे आणि अंगावाटे दिवसरात्रीत कित्येक लिटर पाणी हवेत सोडतं. ते गार पत्र्याला लागून जमतं आणि पहाटे म्हशीच्या पाठीवर, रेडकाच्या अंगावर टपटपतं. मग रेडकाजवळ खाली उकिडवं बसून दोन मिनिटं थांबा. शेणामुताचा वायू जमिनीलगत जास्त दाट असतो आणि रेडकाचं नाक रात्रभर तिथंच असतं. उभ्या माणसाचे डोळे चुरचुरत असतील तर खाली काय होत असेल याचा विचार करा. या वायूनं श्वासनळीचं आतलं अस्तर सुजतं आणि मग साधी सर्दीही फुफ्फुसात उतरते.

आता बांधायचं असं. भिंत चार फूट आहे, तिच्यावर अडीच फूट ताडपत्री किंवा जुन्या पोत्यांचा पडदा, आणि त्याच्या वर पत्र्यापर्यंतची जागा चारी बाजूंनी मोकळी. निदान एक-दीड फूट तरी मोकळी राहिलीच पाहिजे. बसलेल्या जनावराला वारं लागू नये, पण माणसाच्या डोक्यावरनं हवा खेळती राहावी, एवढाच हिशेब. पत्रा दुपाखी असेल तर मधल्या आढ्यावर वीतभर फट ठेवून वर टोपी बसवून घ्या. फॅब्रिकेशनवाला एका दिवसात करून देतो, आणि उन्हाळ्यात तीच फट गरम हवा बाहेर काढते.

आणखी एक. पावसाळ्यात आपण पडदा मावळतीला बांधतो, कारण झड तिकडनं येते. हिवाळ्यात वारं फिरतं आणि पहाटेचं बोचरं वारं उगवतीकडनं येतं. तुमच्या गोठ्याचं तोंडच तिकडं. म्हणून पुढचा पडदा रात्री सोडलात ते बरोबर, पण त्यालाही वरून दीड फूट मोकळं ठेवा. सकाळी ऊन अंगावर आलं की, म्हणजे साडेआठच्या सुमाराला, पूर्ण गुंडाळा. ऊन थेट जमिनीवर पडू दे. मावळतीकडची ताडपत्री आता काढलीत तरी चालेल.

गोठा धुवायची वेळही बदला. संध्याकाळी पाणी मारू नका, नुसतं शेण ओढून काढा. पाण्यानं धुवायचं ते सकाळी नऊ-दहाला, जनावरं उन्हात बांधल्यावर, म्हणजे रात्रीपर्यंत कोबा खणखणीत वाळतो. मुताला गटाराकडं उतार नसेल तर बाकी सगळं फुकट. दहा फुटांला तीन इंच उतार पुरतो. जास्त दिला तर गाभण जनावर घसरतं.

रेडकाखाली उसाचा वाळका पाला सहा इंच जाडीचा टाका, आपल्याकडं त्याला तोटा नाही. दोन्ही गुडघे टेकून अर्धा मिनिट बसा. पँट ओली झाली तर पाला बदला. तो उकिरड्यात गेला की खतही चांगलं होतं.

एचएफ गाईला काही पांघरू नका. हा गारठा तिला मानवतो, थंडीत ती जास्तच खाते. म्हशीच्या अंगावर केस विरळ आणि कातडी काळी, म्हणून तिला ऊनही हवं आणि आडोसाही.


दूधकट्टा

शेडचं वर आलंच आहे, मी फॅटचं बोलतो.

पेंडीकडं बघायच्या आधी धार बघा. शेवटच्या धारेत फॅट सगळ्यात जास्त असतं, पहिल्या धारेत सगळ्यात कमी. म्हशीनं नीट पान्हा सोडला नाही की शेवटचं घट्ट दूध कासेतच राहतं, मग दूधही कमी आणि फॅटही कमी. थंडीत हे हमखास होतं, कारण पहाटे टाकीतल्या गार पाण्यानं कास धुतली जाते आणि धार काढणाऱ्याचे हातही गार असतात. म्हैस अंग चोरते. पाणी कोमट करा, हाताला सोसवेल इतकं. कास धुऊन लगेच स्वच्छ फडक्यानं कोरडी करा आणि मिनिटभर चोळा. पान्हा आल्यापासून सात-आठ मिनिटांत धार संपली पाहिजे.

रेडकू कधी सोडता तेही बघा. धार संपल्यावर सोडत असाल तर घट्ट दूध त्याच्या पोटात जातं. रेडकाचं त्यात भलंच आहे, पण मग डेअरीचा आकडा उतरला म्हणून म्हशीला दोष देऊ नका. आधी पान्हवायला सोडा आणि एक सड पूर्ण त्याच्यासाठी राखा.

नमुना देतानाही थंडीत फरक पडतो. दूध गार झालं की साय किटलीच्या कडेला आणि झाकणाला चिकटते. वरच्या वर ओतून नमुना घेतला तर आकडा चुकतो. संकलन केंद्रावर घालायच्या आधी ओगराळं तळापर्यंत नेऊन पाच-सहा वेळा वरखाली ढवळा.

आता वैरण. वाडे बंद करू नका, फुकट मिळणारी हिरवी वैरण आहे. पण नुसत्या वाड्यावर ८ लिटरची म्हैस तगत नाही. वाड्यात प्रथिनं कमी आणि ऑक्झलेट जास्त. ऑक्झलेट पोटात कॅल्शियमला बांधून शेणावाटे बाहेर घेऊन जातं. भाताच्या पिंजरातही ऑक्झलेट असतं, म्हणजे तुम्ही एकाच खोटीत दुसरी खोट मिसळताय. जोडीला शाळूचा कडबा घ्या. नाही मिळाला तर सोयाबीनचं भुसकट किंवा भुईमुगाचा पाला, बुरशी नसलेला.

साधारण ५०० किलोची म्हैस धरून दिवसाची वैरण अशी बसवा: कडबा ५ किलो, वाडे १५ किलो, लसूणघास किंवा दुसरी द्विदल हिरवी वैरण ५ किलो, पेंड साडेपाच किलो. पेंडीचा हिशेब म्हणजे अंगासाठी दीड किलो आणि म्हशीच्या दर दोन लिटरला एक किलो. ती दोन वेळा एकदम ओतण्यापेक्षा तीन वेळा विभागून दिली तर पोट आंबत नाही. खनिज मिश्रण रोज ५० ग्रॅम आणि मीठ ३० ग्रॅम पेंडीत कालवून द्यायचं.

कुट्टी बारीक करता असं लिहिलंय, तिथंच मोठी गोची आहे. अगदी भुगा झाला की म्हैस रवंथ कमी करते, लाळ कमी सुटते आणि फॅट घसरतं. कुट्टी दीड इंचाची ठेवा. कडबाकुट्टीच्या यंत्रात रुळाचा वेग बदलायची सोय नसेल तर पाती कमी केली तरी तुकडा लांब पडतो. मात्र समोरासमोरची पाती जोडीनंच काढा, नाहीतर चाक हादरतं.

कोरडी वैरण जास्त करून संध्याकाळी सात-आठला टाका. ती रात्रभर पोटात कुजत राहते आणि त्या कुजण्यातनंच जनावराला ऊब मिळते. वाडे दिवसा द्या.

आणि पाणी! रात्रभर उघड्या टाकीत राहिलेलं पाणी पहाटे बर्फासारखं होतं, म्हैस तोंड लावून मागं सरते. पाणी कमी प्याली की त्याच दिवशी दूध कमी. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी पहाटेही कोमट असतं. मोटर सुरू करून ताजं भरा आणि दहा वाजता, दुपारी, संध्याकाळी असं तीन वेळा पाजा.


वैरणकाडी_करवीर

दोघांचेही आभार. पत्रा सकाळी खरंच ओला असतो. आज वरचा दीड फूट मोकळा करतो. कुट्टीचं पातंही बघतो.

दोन गोष्टी विचारायच्या होत्या. खनिज मिश्रणाऐवजी चुन्याची निवळी चालेल का? गावात बरेच जण तीच देतात. आणि शेकोटीचं कुणी बोललं नाही.


कागल_शिवार

शेकोटी ठेवा की. गोवऱ्यांचा धूर केला की डास जातात, गोठाही उबदार राहतो. पूर्वापार चालत आलंय.


पन्हाळा_पायथा

कागलकर, चारी बाजूंनी मोकळ्या छपरात संध्याकाळी तासभर धूर केला तर ठीक. इथं रेडकू आधीच खोकतंय आणि खाली उसाचा पाला पसरायचा सल्ला मीच दिलाय. वाळक्या पाल्याला एक ठिणगी पुरते, आणि दावणीला बांधलेलं जनावर पळू शकत नाही. शेकोटी आत नको. डासांसाठी मच्छरदाणीचं कापड वरच्या मोकळ्या जागेला लावा, हवाही येते.


दूधकट्टा

निवळीचं सांगतो. चुना पाण्यात फार थोडा विरघळतो. वर आलेल्या नितळ निवळीच्या एका लिटरात जेमतेम एक ग्रॅम कॅल्शियम असतं. तुमची म्हैस ८ लिटर दुधावाटेच रोज १४ ग्रॅमच्या वर कॅल्शियम बाहेर टाकते. शिवाय निवळीत फॉस्फरस अजिबात नाही. वाटीभर निवळीनं ही तूट भरत नाही. देऊन नुकसान नाही, पण खनिज मिश्रणाची जागा ती घेऊ शकत नाही. फॉस्फरस कमी पडला की म्हैस चिंध्या, चप्पल, माती चघळते आणि वेळेवर माजावर येत नाही.

माजाचं निघालंच आहे तर, म्हशी थंडीतच जास्त माजावर येतात, पण माज मुका असतो, म्हणजे सहज दिसत नाही, आणि बहुतेक रात्री किंवा पहाटे. रात्री दहाला आणि पहाटे पाचला शेपटीखाली बॅटरी मारून बळस (माजाचा चिकट स्राव) आहे का बघा. वारंवार थोडं थोडं मुतणं आणि अचानक दूध चोरणं ही खूण. पहाटे माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. चुकला की २१ दिवस थांबणं आलं.


पशुसेवा_भुदरगड

रेडकाबद्दल. हवा मोकळी केल्यावर दोन-तीन दिवसांत खोकला कमी व्हायला हवा. तोवर रोज सकाळी थर्मामीटर लावा. तेल लावून गुदद्वारात आतल्या कातडीला टेकवून एक मिनिट धरा, शेणात खुपसलं तर आकडा चुकीचा येतो. १०१ ते १०३ फॅरनहाइट ठीक. १०३.५ च्या वर गेलं, निवांत बसलेलं असताना मिनिटाला ५० च्या वर श्वास मोजले गेले, नाकातलं पाणी पिवळं घट्ट झालं किंवा पिणं सोडलं, यांतलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. १९६२ वर फोन केला तर फिरतं पथक मिळू शकतं. न्यूमोनियात रेडकू दोन दिवसांत हातचं जातं. घरातलं उरलेलं प्रतिजैविक टोचून बघू नका.

खोकल्यावर तेल-हळद पाजायची सवय असते. आधीच खोकणाऱ्या रेडकाचं तोंड वर करून काहीही ओतायचं नाही. ते फुफ्फुसात जातं आणि साध्या खोकल्याचा न्यूमोनिया होतो.

जंताचं औषध दिलंय का, ते लिहिलेलं नाही. म्हशीच्या रेडकात गोल जंत आईच्या दुधातनं येतात, म्हणून सात ते दहा दिवसांत पहिली मात्रा द्यावी लागते. पायपरझीन चालतं, मात्रा वजनावर, दवाखान्यातनंच ठरवून घ्या. पुढं सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. शेण मातकट पांढरं, घाणेरड्या वासाचं आणि पोट ढेरीसारखं दिसत असेल तर थांबू नका.

दूध वजनाच्या एक दशांश. ३५ किलोच्या रेडकाला साडेतीन लिटर, दोन किंवा तीन वेळा मिळून. थंडीत यात कपात करायची नाही. अंगात ऊब ठेवायलाच त्याचा बराचसा खुराक खर्च होतो.

पोत्याचं झूल घाला, पण रात्रीपुरतंच. पोटाखालनं सैल बांधा, मुतानं भिजणार नाही असं. सकाळी काढून उन्हात टाका. झूल काढल्यावर केस उलटे करून मानेवर आणि कानामागं बघा. थंडीत केस दाट होतात आणि त्यांत उवा वाढतात. रेडकू खांबाला अंग घासत असेल, पापणी आतनं पांढरट असेल तर उवांचं औषध लागेल. एवढ्या लहान रेडकावर गोचिडाचं औषध अंदाजानं ओतू नका, ते चाटून विषबाधा होते.

पुढच्या वेताच्या वेळी ध्यानात ठेवा: नाळ पोटापासून दोन-तीन बोटांवर बांधून खालनं कापायची आणि टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवायची. चीक पहिल्या तासा-दोन तासांत पाजायचा, वार पडायची वाट बघत बसायचं नाही. रेडकाच्या आतड्यातनं चिकातली प्रतिकारशक्ती रक्तात जायची वाट दर तासाला अरुंद होते आणि चोवीस तासांत बंद होते. तिथं चूक झाली की पुढं दोन महिने खोकला आणि हगवण पाठ सोडत नाही.


आजरा_परसदार

दादा, अंडी कमी होण्याचं कारण गारठा नाही, दिवस लहान झाला हे आहे. कोंबडीला अंड्यासाठी १४ ते १६ तास उजेड लागतो. डिसेंबरअखेर आपल्याकडं दिवस जेमतेम ११ तासांचा. खुराड्यात बल्ब लावा, पहाटे चारपासून उजाडेपर्यंत. संध्याकाळी लावून एकदम बंद केला तर कोंबड्या दांडीवर बसायच्या आत अंधारात चाचपडतात, म्हणून पहाटेचाच बरा. टायमर बसवलात तर रोजची धावपळ वाचते. जुन्या कोंबड्या पिसं टाकत असतील तर मात्र उजेडानं लगेच फरक पडत नाही, पीस भरेपर्यंत थांबावं लागतं.

पिल्लं काढणार असाल तर एक गोष्ट सांभाळा. उजेडाला एलईडी चालतो, पण उबेला नाही. पिल्लांना पहिल्या आठवड्यात पाठीच्या उंचीला ३५ अंश लागतं, मग दर आठवड्याला तीन अंशांनी कमी. त्यासाठी जुना पिवळा बल्ब किंवा इन्फ्रारेड बल्ब हवा. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढत असतील तर बल्ब खाली घ्या, कडेला पळून चोची उघडत असतील तर वर. खाली भाताचा तूस तीन इंच, रोज हलवायचा.

शेळ्या ठीक आहेत म्हणालात, तशाच ठेवायच्या असतील तर दहिवर वाळल्याशिवाय चरायला सोडू नका, नऊ-साडेनऊ होऊ द्या. रात्री फळ्यांच्या मचाणावर बसल्या की पुरे. पीपीआरची (शेळ्यांच्या साथीच्या रोगाची) लस झाली नसेल तर आधी ती उरकून घ्या.


ऊसपट्टा_शिरोळ

दोन धोके कुणी लिहिले नाहीत.

लसूणघास दहिवरासकट कापून उपाशीपोटी टाकला तर पोटफुगी होते. सकाळी कापायचा, दोन-तीन तास सावलीत सुकवायचा आणि आधी कडबा खाऊ घालून मग त्यात मिसळून द्यायचा. डावी कूस फुगून ढोलासारखी वाजायला लागली, जनावर पाय झाडायला लागलं की पुढचे पाय उंचावर येतील असं उभं करा, गोडेतेल पाव ते अर्धा लिटर हळूहळू पाजा आणि डॉक्टर बोलवा. पाजताना डोकं पाठीच्या रेषेवर नेऊ नका, जीभ ओढून धरू नका.

दुसरं, लाळ्या-खुरकूत. ऊसतोडीच्या हंगामात बीड, अहिल्यानगरकडनं बैलगाड्या येतात. शेकडो बैल एका फडातनं दुसऱ्या फडात, कारखान्याच्या गाडीतळावर एकत्र. त्यांचा काही दोष नाही, पण एका गावचा रोग दुसऱ्या गावात जायला एवढी वाट पुरते. तुमच्या फडात तोड असेल तर बैलांना पाण्याची वेगळी टाकी किंवा हौद ठेवा, आपल्या जनावरांच्या हौदावर आणू नका. फडातनं आणलेले वाडे बैलांनी हुंगलेले, तुडवलेले नकोत, मोळी बांधून बाजूला ठेवलेले घ्या. फडातनं आल्यावर गोठ्यात जायच्या आधी चपला बाहेर काढा आणि हात धुवा.

लस वर्षातनं दोनदा असते, टोचल्यावर प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून ट्रॉलीभर वाडे दारात यायच्या आधीच ती झालेली असावी. कानातला टॅग नंबर बघून दवाखान्यात नोंद तपासून घ्या. लाळ गळणं, जिभेवर फोड, लंगडणं दिसलं तर जनावर वेगळं बांधा आणि त्याची धार सगळ्यात शेवटी काढा. लसीनंतर दोन-चार दिवस दूध थोडं कमी येतं, त्याला घाबरून लस चुकवू नका.


वैरणकाडी_करवीर

रेडकाचं तापमान १०२.४ आहे, श्वास ३४. जंताचं औषध दिलेलं नव्हतं, उद्या दवाखान्यात नेऊन वजन करूनच घेतो. धार झाल्यावर सडाला काय लावावं? म्हशीच्या दोन सडांना भेगा पडल्यात.


पशुसेवा_भुदरगड

पोव्हिडोन आयोडीन चार भाग आणि ग्लिसरीन एक भाग एका लहान कपात मिसळा. धार संपली की प्रत्येक सड त्यात बुडवा, पुसू नका. धार काढताना दुधाचा फेस किंवा थुंकी सडाला लावत असाल तर ते बंद करा, भेगा त्यानंच वाढतात. धारेनंतर लगेच गव्हाणीत वैरण टाका, म्हणजे म्हैस अर्धा तास उभी राहील. तेवढ्या वेळात सडाचं तोंड मिटतं. उघड्या तोंडानं ओल्या जमिनीवर बसली तर दगडी (कासेची सूज) व्हायला वेळ लागत नाही. भेगेतनं रक्त येत असेल तर त्या सडाची धार शेवटी काढा आणि पहिल्या दोन धारा काळ्या कापडावर घेऊन गाठी दिसतात का बघा.